चौथ्या रांगेतलं डोकं

६ फेब्रुवारी, गुरुवार

चष्मा आणि हेडफोन यांच्यात माझ्या कानांच्या मालकीवरून जो दावा चालू आहे, त्याचा निकाल धर्मशास्त्रात शोधूनही सापडत नाही. चष्मा हा जुना वहिवाटदार. आठवीपासून त्याच्या काड्या या कानांवर बिनतक्रार नांदत आहेत. हेडफोन परवा आला आणि आल्या आल्या त्या काड्यांवरच बसला. पाव तासात कानशिलं ठणकू लागतात. चष्मा काढावा तर संगणकावर कुठला आवाज कुठे चाललाय ते दिसत नाही. हेडफोन काढावा तर तो चाललाय की नाही तेच कळत नाही. हेडफोनचा शोध लावणाऱ्या गृहस्थाची दृष्टी उत्तम होती, एवढाच निष्कर्ष यातून निघतो. हे गाऱ्हाणं सत्यशीलेपुढे मांडलं. ती म्हणाली, "मग डोळे मिटून ऐका." बँकेत काउंटरवर बसून बसून माणूस असा होतो.

हेडफोन घरात का आला ते लिहून ठेवतो. आप्पासाहेब, म्हणजे सत्यशीलेचे वडील, दिवाळीत न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडून घेऊन आमच्याकडे कर्वेनगरला राहायला आले. आता काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात. पण नारायण पेठेतल्या त्यांच्या मंडळाची गुरुवारची गाण्याची बैठक दुसऱ्या मजल्यावर असते आणि तिथला जिना हा जिना नसून टाकीवर चढायची शिडी आहे. म्हणजे बैठक बंद. चौथ्या रांगेतली, खांबाला लागून असलेली खुर्ची त्यांची. तिथून गाणारा दिसत नाही. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तेव्हा हे निदर्शनास आणून दिलं होतं. ते म्हणाले, "जावईबापू, पाहायचंच असेल तर सर्कशीला जा." त्या क्षणापासून आमचं जमलं.

आता गुरुवार आला की ते संध्याकाळी कोट घालून दिवाणखान्यात बसतात आणि साडेसातला काढून ठेवतात. मला ते बघवत नाही. म्हणून ठरवलंय की खुर्चीच घरी आणायची. खुर्ची म्हणजे तिथे बसून जे ऐकू येतं ते सगळं, जिथल्या तिथे: खांबापलीकडून गाणं, उजवीकडून तबला, मागून पंखा, खालून रिक्षा.

आज सत्यशीला बँकेतून उशिरा आली. आप्पासाहेबांनी तिला दारात पाहिलं आणि अत्यंत अदबीनं विचारलं, "या, बसा. आपण कोणाकडे आलात?" मला हसून हसून चष्मा पुसावा लागला. उशिरा येणाऱ्या लेकीला इतका नेमका टोला या शहरात दुसरं कोणी मारू शकत नाही. सत्यशीला हसली नाही. पर्स ठेवली आणि आत गेली. नंतर म्हणाली, विसरण्यावरचे कोणी डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू या. मी म्हटलं, पुणेकराच्या थट्टेवर औषध निघालं, तर निम्म्या शहराला बोलायचं काही उरणार नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

विश्वजीत आला. हा माझा जुना विद्यार्थी. मूळचा नागपूरचा, बारावीला मार्क पडतात म्हणून संस्कृत घेतलेला. मार्क पडले, संस्कृत राहिलं. आता हडपसरला कुठल्याशा कंपनीत आहे आणि पगाराचा बराचसा भाग माइक या वस्तूवर उधळतो.

"सर, तुम्ही सोपं समजून राहिले," हे त्याचं पहिलं वाक्य.

त्याच्या म्हणण्याचं सार असं. मंचासमोर दोन माइक लावले की गाणं स्वच्छ येतं. पण हेडफोनवर ते कपाळाच्या आत वाजतं, जणू गायिका भुवयांच्या मधोमध बसलीय. दुसरा मार्ग बायनॉरल: माणसाच्या मापाचं नकली डोकं खुर्चीवर ठेवायचं, त्याच्या दोन्ही कानांत माइक. मग सभागृह डोक्याबाहेर, अगदी जागच्या जागी ऐकू येतं. मात्र ऐकणाऱ्यानं मान वळवली की सभागृहही त्याच्याबरोबर वळतं. तिसरा अँबिसॉनिक: एका दांड्यावर चार तोंडांचा माइक, तो सगळ्या दिशा एकदम टिपतो. हेडफोनवर मान ओळखणारी एक चिप लावली तर मान वळली तरी गाणारा जागेवर राहतो. पण चित्र थोडं पुसट.

"मग तिन्ही एकत्र करू," मी म्हटलं.

"बाप्पा! तीन बायका आहेत त्या, सर. एका स्वयंपाकघरात."

उपमा शिकवणीतली नव्हे. मला तर ही एकाच सूत्रावरची तीन भाष्यं वाटतात. प्रत्येक भाष्यकार आपल्या जागी बिनचूक. तिघांना एका पानावर छापलं की मूळ सूत्र कुठलं ते कळत नाही. पण छापायचं ठरलंय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

डोकं घेऊन नारायण पेठेत गेलो. विश्वजीतनं ते केसांचे टोप ठेवायच्या स्टँडपासून बनवलंय. रबरी कान विकतचे. आप्पासाहेबांच्या उंचीला कान यावेत म्हणून खुर्चीवर उशा रचल्या, आणि खांद्यांवर आपटूनही आवाज कानात येतो म्हणे, म्हणून त्यांचा कोट आणि मफलर चढवला. चौमुखी माइक खुर्चीच्या वर टांगला, जोडी मंचापुढे.

मंडळाचे सचिव साईनाथराव आले. बराच वेळ डोक्याकडे पाहिलं.

"हे कोण?"

"आप्पासाहेबांच्या जागी आहे."

"सभासद आहे का?"

"आप्पासाहेब आहेत."

"सभासदत्व दुसऱ्याला देता येत नाही. कार्डाच्या मागे छापलंय."

शेजारच्या खुर्चीवरून चंद्रभागाबाई मध्ये पडल्या. या निवृत्त मुख्याध्यापिका. वीसेक वर्षं आप्पासाहेबांच्या डाव्या हाताला बसतात आणि गाणं चालू असताना अखंड बोलतात. "असू द्या हो साईनाथराव. याचा मोबाइल तरी वाजणार नाही."

पाचव्या रांगेतून आवाज आला, "अहो, ते डोकं जरा खाली घ्या. दिसत नाही."

"खांबामागून तुम्हाला काय दिसणार आहे?" मी विचारलं.

"खांब दिसतो. आम्हाला त्याची सवय आहे."

शेवटी साईनाथरावांनी 'अपवाद म्हणून' परवानगी दिली आणि हा पायंडा समजला जाऊ नये असं दोनदा सांगितलं. बहुधा उद्यापासून सगळं पुणं आपापली डोकी पाठवून देईल आणि घरी बसेल अशी भीती असावी. आजवर धडं पाठवत आलेच आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तबला दोनदा वाजतो. मंचापुढच्या दोन माइकना तो आधी ऐकू येतो, चौथ्या रांगेतल्या डोक्याला नंतर. दोन्ही एकत्र केले की तबलजीला उचकी लागल्यासारखं वाटतं. जोडी मागे सरकवली. उचकी थांबली, पण गायिका नळातून गाऊ लागली. आणखी थोडी सरकवली. गायिका नळातून बाहेर आली, हार्मोनियम नळात गेला. घरात एकाच वेळी एकच पाहुणा खूश राहतो, तसंच हे.

आप्पासाहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाले, "कालव्याचं पाणी कमी झालंय." आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलेल्या माणसाचं हे भाष्य! रेघा खरोखरच आटल्या होत्या. विश्वजीतला फोन करून सांगितलं, तोही हसला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

पेपर तपासायचे सोडून पुन्हा तेच. आज डोक्याचं रेकॉर्डिंगही त्या आज्ञावलीतून काढलं, जी चौमुखीच्या रेकॉर्डिंगला कृत्रिम कान लावून देते. वाटलं, सगळ्यांना समान न्याय. ऐकलं तर गाणं रांजणात तोंड घालून कोणी गातंय असं.

विश्वजीत फोनवर किंचाळलाच. "सर! डोक्याचं रेकॉर्डिंग कानांतून एकदा आलेलंच असते. त्याला तुम्ही परत कान लावून राहिले. कानावर कान!"

पुनरुक्ती हा दोष आहे हे मी दरवर्षी वर्गात शिकवतो. संध्याकाळभर चिडचिड. सत्यशीला म्हणाली, "रोज संध्याकाळी तुम्ही त्या खोलीत असता आणि बाबा या खोलीत." मी म्हटलं, हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. ती म्हणाली, "हो ना."

या 'हो ना'चा अन्वय मला लावता आला नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

जमेल तसं मिश्रण करून आज आप्पासाहेबांना पहिलं श्रवण. ते कोट घालून बसले होतेच. हेडफोन चढवला. दोन मिनिटं ऐकलं. मग मागे वळून पाहिलं, आणि विचारलं, "ही बाई मागे का बसलीय?"

मग हेडफोन काढला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "हे कोणाचे कान आहेत?"

मी आणि विश्वजीत एकमेकांकडे पाहतच राहिलो. कारण नेमकं हेच आहे! विश्वजीत म्हणाला, माणूस पुढचं आणि मागचं ओळखतो ते आपल्या कानाच्या पाळीच्या घडीवरून. दुसऱ्याच्या कानांनी ऐकलं तर पुढचा गाणारा मागे गेल्यासारखा वाटतो. बाजारच्या रबरी कानांचा हा दोष शोधायला आम्हाला पुढचा महिना लागला असता. आप्पासाहेबांनी एका वाक्यात निदान केलं.

मी हे सत्यशीलेला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं. ती पोळी लाटत होती. म्हणाली, "सकाळी त्यांनी स्वतःचा चष्मा हातात घेऊन मला हेच विचारलं. हा कोणाचा चष्मा आहे?"

मी म्हटलं, काच बदलायला झाली असेल, तेच सुचवत असतील. तिनं पोळी तव्यावर टाकली.

२३ फेब्रुवारी, रविवार

कानांचे ठसे घेतले. विश्वजीतची बायको श्रद्धा दातांची डॉक्टर आहे. दातांचं माप घ्यायची ती गुलाबी लापशी तिनं आणली. कानाच्या आत कापूस, वर लापशी, आप्पासाहेब आडवे. एकदा उजवा, एकदा डावा.

"जन्मल्यावर कान टोचले," आप्पासाहेब छताकडे पाहत म्हणाले, "शाळेत पिळले. छापायचे तेवढे राहिले होते."

श्रद्धा हसत हसत लापशी वाळायची वाट बघत होती. ते तिला म्हणाले, "तू सत्यशीलेच्या वर्गातली ना? आज शाळेला सुट्टी?"

वय कमी सांगितलं की कुठलीही स्त्री प्रसन्न होते, हे या वयातही विसरले नाहीत. श्रद्धा "हो काका" म्हणाली. मग तिनं सत्यशीलेकडे पाहिलं. नंतर दोघी आत जाऊन बराच वेळ बोलत होत्या. चहा येईना म्हणून डोकावलो तर गप्प झाल्या. कान या विषयावर बायकांचं इतकं काय बोलणं असतं कोण जाणे.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संताप संताप संताप.

सिलिकोनचे कान अप्रतिम झालेत. डाव्या पाळीवरची चीरसुद्धा उतरलीय. ते डोक्याला बसवले, डोकं खुर्चीवर बसवलं, मफलर, कोट, सगळं. साईनाथरावांनी या वेळी फक्त सुस्कारा टाकला. गाणं असं लागलं की मी मागच्या भिंतीशी यंत्राजवळ उभा राहून डोळे मिटले.

उघडले तर चंद्रभागाबाई डोक्याशी बोलत होत्या.

डाव्या कानात. हाताचा आडोसा करून. आधी गायिकेच्या साडीबद्दल. मग सून कशी कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही त्याबद्दल. मग, "यंदा वडीत साखर बेताचीच घातली हो, तुम्हाला चालत नाही म्हणून." आणि ऐन विलंबितात, "तबलजी नवा दिसतोय. हात बरा आहे पण मान फार हलवतो." मी लांबून हात जोडले, खुणा केल्या, तोंडावर बोट ठेवलं. बाईंनी मला ओळखीचा नमस्कार केला.

मध्यंतरात गाठलं. "बाई, अहो रेकॉर्डिंग चाललंय!"

"मग? मी काय खोटं बोलतेय?"

"ते डोकं आहे! आप्पासाहेब नाहीत ते."

"ते मला कळत नाही का?" त्यांनी डोक्याकडे बोट दाखवलं. "पण कान बघा हो, सुदर्शन. वीस वर्षं या कानाशी बोलतेय. दिसल्यावर राहवलं नाही."

उत्तरार्धातही राहवलं नाही.

२ मार्च, रविवार

चंद्रभागाबाईंचा निरास हा या आठवड्याचा विषय. जिथे त्या बोलतात तिथे डोक्याचं रेकॉर्डिंग मंद करायचं आणि चौमुखीचं वर घ्यायचं, त्याचं तोंड बाईंकडून फिरवून. ऐकायला सोपं. प्रत्यक्षात त्या इतक्या सलग बोलतात की डोकं उरतच नाही. आणि जिथून त्यांना काढलं तिथे, विश्वजीतच्या शब्दांत, "डाव्या बाजूला खड्डा पडून राहिला, सर." सगळं सभागृह आहे आणि एका जागी काहीच नाही.

"राहू द्या ना त्यांना," तो कंटाळून म्हणाला.

"खुर्ची शुद्ध हवी," मी म्हटलं.

"मंग तुमची मर्जी."

संध्याकाळपर्यंत खड्डा बुजवला. शुद्ध आवृत्ती तयार. मी ती ऐकली. गायिका समोर, खांबापलीकडे. तबला उजवीकडे. मान वळवली तरी सारं जागेवर. एकही माणूस बोलत नाही. अशी बैठक पुण्यात कधीही झालेली नाही.

४ मार्च, मंगळवार

चुकीची फाइल लागली. आणि काय सांगू!

मी शुद्ध आवृत्ती लावली अशा समजुतीत आप्पासाहेबांच्या डोक्यावर हेडफोन चढवला आणि समोर बसलो. ते डोळे मिटून ऐकत होते. मग चेहऱ्यावर काहीतरी उमटलं. डावीकडे झुकले. आणि चक्क बोलले, "अहो, हळू. ही तान संपू दे."

बाई होत्या! मी कच्चंच रेकॉर्डिंग लावलं होतं.

बंद करायला उठलो आणि तसाच उभा राहिलो. आप्पासाहेब हसत होते. दिवाळीनंतर असे हसलेले मी पाहिले नव्हते. "मान हलवतो कारण मान त्याची आहे," हे तबलजीबद्दल. "साखर नाही तर वडी कशाला म्हणायची? खडू म्हणा." प्रत्येक वाक्य योग्य जागी, योग्य कानाकडे वळून. तासभर! मी दारात येऊन सत्यशीलेला हाक मारली, बघ म्हटलं, बघ! ती चौकटीशी उभी राहिली. बराच वेळ. मग पदराने डोळे टिपत आत गेली. आनंद व्यक्त करायची प्रत्येकाची रीत निराळी.

विश्वजीतला कळवलं: डोकं जिंकलं, शुद्धता हरली. त्यानं अंगठा पाठवला.

५ मार्च, बुधवार

नाश्त्याला आप्पासाहेब म्हणाले, "काल जिना चढताना पाय बोलला नाही."

"मग काय," मी म्हटलं, "बोलायला चंद्रभागाबाई होत्या."

"गर्दी होती. साईनाथ दिसला नाही."

असा विनोद पेलायला समोरही कोणी लागतं. मी पोह्यांवर लिंबू पिळत त्यांना साथ दिली: रिक्षा कुठे मिळाली, जाताना कोणी सोडलं वगैरे. त्यांनी सगळ्याची गंभीर उत्तरं दिली. चेहऱ्यावर रेष हलली नाही. सत्यशीला तिची बशी उचलून गॅलरीत गेली.

९ मार्च, रविवार

आता रोज संध्याकाळी बैठक होते. गुरुवारच हवा असं काही नाही. कोट, काठी, हेडफोन. तीच बैठक, तीच साडी, तोच तबलजी, आणि रोज नव्याने, "अहो, हळू." काल हेडफोनचं चार्जिंग संपलं होतं म्हणून मी तो काढून घेतला, तर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मध्यंतर झालं वाटतं," आणि दार शोधू लागले. गॅलरीचं.

दुपारी सत्यशीलेला म्हणाले, चंद्रभागाबाईंना साखरेच्या वड्या पाठव, काल बोलल्या. तिनं नारळ फोडला. खवता खवता मला म्हणाली, "शुक्रवारची वेळ घेतलीय मी डॉक्टरांची."

"तुझ्या वडिलांना थट्टा करायला आता चिठ्ठी लागणार का?"

तिनं खवणी थांबवली. "तुम्ही एकदा तरी त्यांच्याजवळ न हसता बसा."

हे वाक्य मला लागलं, हे नमूद करतो. माझा मुद्दा सिद्ध करायला मी चंद्रभागाबाईंना फोन केला. बुधवारी येतो म्हणाल्या. दोन जुने खेळाडू समोरासमोर आले की सत्यशीलेला कळेल, खेळ चालू आहे.

१२ मार्च, बुधवार

बाई आल्या. निळी साडी, हातात डबा. संध्याकाळची वेळ. आप्पासाहेब कोट घालून बसले होते, हेडफोन मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. शेजारी डाव्या हाताला एक खुर्ची रिकामी होती. गेले काही दिवस ते स्वतःच ती तिथे ओढून घेतात.

"काय आप्पासाहेब, ओळखलंत का?" बाई हसत त्या खुर्चीवर बसू लागल्या.

आप्पासाहेबांनी काठी आडवी धरली. अगदी सौजन्यानं. "माफ करा. इथे बसू नका. ही जागा धरलेली आहे."

मी हसलो. सवयीनं.

"कोणासाठी हो?" बाईंनीही हसतच विचारलं.

"आमच्या चंद्रभागाबाई येतील इतक्यात. त्या इथे बसतात."

"मीच की हो चंद्रभागा!"

त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. चेहरा, साडी, डबा. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "यांना मागे कुठेतरी जागा बघून द्या. गाणं सुरू व्हायचंय, उगाच वाद नको."

मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे नेहमी एक बारीकसा प्रकाश असतो, थट्टा करताना. मी तो शोधत होतो. ते मात्र विनवणीच्या नजरेनं पाहत होते, या बाईंना लौकर कुठेतरी बसवा म्हणून.

सत्यशीलेनं बाईंना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. बाई बसल्या. डबा त्यांनी मांडीवरच धरून ठेवला. मग आप्पासाहेबांनी स्वतःच हात पुढे केला आणि मी हेडफोन दिला. दोन मिनिटांत डावीकडे झुकून ते हसू लागले. "अहो, हळू." रिकाम्या खुर्चीला. बाई समोर सोफ्यावर बसून स्वतःच्याच बोलण्याला मिळालेली उत्तरं ऐकत होत्या.

त्यांना पोचवायला खाली उतरलो. पहिल्या मजल्यावर त्या कठड्याला धरून थांबल्या.

"सुदर्शन, थट्टा करत होते ना ते?"

"हो," मी म्हटलं. "थट्टाच."

"हं," त्या म्हणाल्या. "पूर्वीपासून वाईट थट्टा करतात." आणि डोळे न पुसता खाली उतरल्या.

१३ मार्च, गुरुवार

सकाळी सत्यशीलेला म्हटलं, उद्या मीही येतो. ती "बरं" म्हणाली आणि रजेचा अर्ज लिहायला बसली.

विश्वजीतचा फोन आला. मोठ्या उत्साहात होता: तिन्हीची नवी जुळणी साधलीय, आता काकांनी मान कितीही फिरवली तरी बाई त्यांच्या डाव्या हातालाच राहतील, जरासुद्धा हलणार नाहीत. मी त्याला छान म्हटलं. पाठवू नकोस एवढं सांगितलं.

दुपारी कॉलेजातून लौकर आलो आणि आप्पासाहेबांच्या शेजारी बसलो. न हसता. त्यांनी विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" मी म्हटलं, तुमच्याकडे. ते म्हणाले, "बसा मग." तासभर बसलो. त्यांनी कोट केव्हा घालायचा हे दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा खरं उत्तर दिलं.

आप्पासाहेब थट्टा करत नाहीत. मला वाटतं, दिवाळीपासूनच करत नसावेत. निदान सगळी तरी नाही. कुठली होती आणि कुठली नव्हती, हे मला आता सांगता येत नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस तेच आहेत.

उद्या डॉक्टर काय म्हणतील याची मला तितकी भीती नाही. भीती वेगळीच आहे. त्या खुर्चीवर त्यांना बरं वाटतं आणि इथे वाटत नाही. एखाद्या संध्याकाळी ते तिथून परत यायचेच नाहीत. मी हाक मारेन, आणि त्यांच्या लेखी मी गाण्यात बोलणारा कोणीतरी असेन.